अडीच दिवसांचं पॅरिस

(तृतीय वर्ष कला, इतिहास)

अडीच दिवसांत पॅरिस पाहून होत नाही, एवढं कळायला मला अडीच महिने लागले. मैत्रिणी म्हणतात, "जाण्याआधीच कसलं गं प्रवासवर्णन लिहितेस?" त्यांचं खरं आहे. पण वार्षिक अंकाचा मजकूर फेब्रुवारीत द्यायचा आणि आम्ही निघणार मे महिन्यात. तेव्हा हे प्रवासवर्णन नव्हे, प्रवासाच्या याद्यांचं वर्णन आहे. लग्नापेक्षा लग्नाच्या याद्यांतच ज्यांना जास्त गोडी वाटते, त्यांनी ते जरूर वाचावं.

हकिगत अशी. माझी ताई नोकरीनिमित्त जर्मनीत स्टुटगार्टला असते. तिनं आई-बाबांना आणि मला सुट्टीत तीन आठवडे बोलावलं आहे. स्टुटगार्टहून पॅरिसला थेट आगगाडी आहे, तीन तासांहून थोडा जास्त वेळ घेते. व्हिसाही वेगळा लागत नाही. जास्त मुक्काम जर्मनीत, म्हणून अर्ज जर्मनीकडे केला की तोच फ्रान्सलाही चालतो. ताईची रजा आणि आमची ऐपत या दोन्हींचा मेळ घातला तेव्हा हाती आले दोन रात्री आणि अडीच दिवस. "इतिहास तुझा विषय ना? मग कार्यक्रम तूच आख," असं ताई फोनवर म्हणाली आणि मी दोनशे पानी वही विकत आणली. (तिची पहिली चाळीस पानं भरली आहेत. एवढ्या पानांत माझा अभ्यासक्रमाचा एखादा पेपर झाला असता, असं आई अधूनमधून सुनावते.)

पहिला आराखडा मी एका रात्रीत केला. रविवारी दुपारी पोचायचं, सोमवारी ओर्सेचं चित्रसंग्रहालय, मंगळवारी लूव्र, संध्याकाळी गाडी. इतका देखणा तक्ता मी परीक्षेतही कधी काढला नव्हता. ताईनं तो वाचला आणि एवढंच विचारलं, "वार बघितलेस का?" ओर्से सोमवारी बंद असतं. लूव्र मंगळवारी बंद असतं. सोमवारी केशकर्तनालय बंद असतं हे लहानपणापासून पाठ असलेल्या मला, संग्रहालयालाही सुट्टी लागते हे सुचू नये! तक्ता फाडला. आता बुधवारी दुपारी पोचायचं आणि शुक्रवारी संध्याकाळी परतायचं, असं ठरलं.

मग लूव्रचा हिशेब मांडला. तिथं पस्तीस हजारांच्या आसपास वस्तू मांडलेल्या आहेत. प्रत्येकीला अर्धा मिनिट दिला, तरी न झोपता, न जेवता बारा दिवस लागतील. आमच्याकडे होते चार तास. त्यात २०२६ च्या जानेवारीपासून युरोपाबाहेरच्या पाहुण्यांना ३२ युरो तिकीट आहे. म्हणजे तिघांचे ९६. ती रक्कम रुपयांत करून आईला सांगायचं काम ताईनं माझ्यावर सोपवलं. मी अजून ते केलेलं नाही.

सहल आखणं म्हणजे काय काय पाहायचं ते ठरवणं, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात बहुतेक वेळ गेला तो काय पाहायचं नाही हे ठरवण्यात. व्हर्साय गेलं. मॉंमार्त्रची टेकडी आईच्या गुडघ्यांमुळे गेली. आयफेल मनोऱ्यावर जिन्यानं चढलं तर दुसऱ्या मजल्यापर्यंतच ६७४ पायऱ्या आहेत. त्यावर घरात चर्चासुद्धा झाली नाही. नोत्र दाम मात्र राहिलं. २०१९ च्या एप्रिलमधल्या आगीनंतर ते २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा उघडलं, आणि आत जायला पैसे पडत नाहीत.

एके दिवशी मी बाबांना म्हटलं, "तुम्हीही तुमची यादी द्या की." बाबा एकतीस वर्षं माध्यमिक शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. मला वाटलं, पानभर यादी येईल. त्यांनी वहीत एकच शब्द लिहिला: बॅस्टिल.

माझी पंचाईत झाली. बॅस्टिलचा किल्ला आता नाही, हे त्यांना कसं सांगायचं? तिथं एक मोठा चौक आहे, मधोमध एक स्तंभ आहे आणि भोवती मोटारी. मी दोन दिवस घोटाळले आणि तिसऱ्या दिवशी चहाच्या वेळी चाचरत सांगितलं. बाबा माझ्याकडे पाहतच राहिले. म्हणाले, "अगं, किल्ला पाडला हे मला तू सांगतेस? मी एकतीस वर्षं तेच तर शिकवलं."

आणि मला त्यांचा वर्ग आठवला. त्याच शाळेत मीही त्यांची विद्यार्थिनी होते. ते फळ्यावर खडूनं किल्ला काढायचे. आठ बुरुज, खंदक, वर उचलायचा पूल. मग १४ जुलै १७८९ ची हकिगत सांगायचे, आत कैदी किती निघाले ते विचारायचे. कुणी पाचशे म्हणे, कुणी हजार. "सात!" असं ते म्हणत, आणि वर्ग हसला की विचारत, "मग सात माणसांसाठी एवढं कशाला?" तास संपता संपता ते डस्टर घेऊन बुरुज एकेक करून पुसत. पुढच्या बाकावरच्यांच्या अंगावर खडूची भुकटी उडे. आता त्यांना ती पुसलेली जागा पाहायची होती.

मग आम्ही दोघं त्या पुसलेल्या जागेच्याच मागे लागलो. ती पुरती पुसलेली नाही, असं निघालं. किल्ल्याची बाह्यरेषा रस्त्यावरच्या फरसबंदीत वेगळ्या दगडांनी आखलेली आहे. पालॉय नावाच्या ठेकेदारानं किल्ला पाडला आणि त्याच्याच दगडांतून किल्ल्याच्या छोट्या प्रतिकृती कोरवून देशभर धाडल्या. (बाबा म्हणाले, "धंदा क्रांतीच्याही आधी उठतो.") काही दगड सीन नदीवरच्या कॉंकॉर्द पुलात गेले. आणि १८९९ मध्ये भुयारी रेल्वेसाठी खणताना एका बुरुजाचा पाया सापडला. तो उचलून नदीच्या अंगाच्या एका छोट्या बागेत ठेवला आहे. तुरुंगाच्या त्या बुरुजाचं नाव होतं 'स्वातंत्र्य'. हे बाबांना ठाऊक नव्हतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, "हे वर्गात सांगायला मिळालं असतं तर!"

माझ्या उत्साहाला अशानं भरती आली आणि मी एक आगाऊपणा केला. बाबांच्या त्या धड्याबरोबर एक रंगीत चित्र असायचं, पुठ्ठ्यावर डकवलेलं: हातात तिरंगी निशाण घेतलेली, प्रेतांवरून पुढं येणारी स्त्री आणि तिच्या मागे बंदुका घेतलेले लोक. देलाक्रवाचं चित्र ते. मूळ चित्र लूव्रमध्ये आहे. मी वाचून दाखवलं की ते १७८९ चं नव्हेच, १८३० च्या जुलै क्रांतीचं आहे. बॅस्टिलच्या चौकातला स्तंभसुद्धा त्याच १८३० च्या हुतात्म्यांचा. मला वाटलं, बाबा खूश होतील. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे एकतीस वर्षं मी भलत्याच धड्याला चित्र लावलं," असं ते म्हणाले. मी म्हटलं, "जाऊ द्या हो, सगळेच लावतात." "सगळे लावतात म्हणून मीही लावायचं होतं का?" आणि ते उठून अंगणात गेले. संध्याकाळी परत येऊन म्हणाले, "लूव्रमध्ये दुसरं काही नाही दाखवलंस तरी चालेल. ते चित्र दाखव."

त्यानंतरची गोष्ट लिहावी की नाही, याचा विचार करत होते. बाबांना विचारलं, ते म्हणाले, "लिही, पण रडकं लिहू नकोस."

मी रात्रीचा कार्यक्रम फार हौसेनं आखला होता. दिव्यांनी झळकणारा आयफेल मनोरा, सीनवर होडीतून फेरी, अंधारातले पूल. बाबा प्रत्येक वेळी म्हणत, "रात्रीचं नको." आधी मला वाटलं दमणूक, मग वाटलं पैसे. एकदा त्यांनी विचारलं, "तिकडे मे महिन्यात अंधार किती वाजता पडतो गं?" तेव्हा आईनं मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि सांगितलं. बाबांना काचबिंदू आहे. समोरचं नीट दिसतं, पण कडेचं हळूहळू मिटत चाललंय. गेलेलं परत येत नाही, आहे ते थेंबांनी टिकवायचं. कमी उजेडात फार चाचपडतात. ताईला माहीत होतं. 'यंदाच या' असा हट्ट ती का धरत होती, ते मला तेव्हा उमगलं. माझी परीक्षा होती म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्या रात्री वहीतली सहा पानं फाडली, आणि थोडी चिडलेही. कुणावर ते मला अजून सांगता येत नाही.

नवा आराखडा उजेडाचा आहे. मेच्या मध्याला पॅरिसमध्ये सूर्य रात्री सव्वानऊच्या पुढे मावळतो. एका दिवसात आपल्याकडच्यापेक्षा दोन तासांहून जास्त उजेड मिळतो, हे मी सोन्याचा भाव वाचावा तसं बाबांना वाचून दाखवलं. भुयारी रेल्वेत जिने फार, म्हणून शक्य तिथं बस घ्यायची. ६९ क्रमांकाची बस आयफेलकडून निघून लूव्रवरून बॅस्टिलला येते. खिडकीशी बसलं की निम्मं शहर समोरून जातं. कडेचं नाही दिसलं, तरी समोरचं दिसेल. लूव्रमध्ये मोजकी पाच चित्रं. त्यांत मोनालिसा नाही. ७७ बाय ५३ सेंटिमीटरच्या त्या चित्रापुढच्या गर्दीत बाबांना धक्के बसू द्यायचे नाहीत, असा निर्णय मी घेतला आहे आणि तो घेताना मला जरा वाईट वाटलं आहे. लूव्रला जायला बाबांची आता काहीच हरकत नाही. राजाचा तो वाडा क्रांतीनं १० ऑगस्ट १७९३ ला संग्रहालय म्हणून जनतेला खुला केला. म्हणजे तोही धड्यातलाच निघाला.

राहता राहिली आई. मला कबूल केलं पाहिजे की चाळीस पानं भरेपर्यंत मी तिला विचारलंच नव्हतं. विचारलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मला कशाला विचारतेस? तुम्ही जाल तिथं मी येईन." फार आग्रह केल्यावर म्हणाली, "तिथल्या बायका भाजी कुठं घेतात ते बघायचंय. कशी निवडतात, घासाघीस करतात का. आणि नदीकाठी घटकाभर बसू द्या, पळवू नका."

मी नकाशा काढला. दर गुरुवारी आणि रविवारी सकाळी बॅस्टिलच्या चौकालगतच एक मोठा बाजार भरतो: भाज्या, फळं, चीज, मासे. आमचा मधला दिवस गुरुवार आहे. आणि आमची गाडी ज्या स्टेशनात थांबते, तिथून भुयारी रेल्वेची पाच नंबरची गाडी सरळ बॅस्टिलला जाते. त्या फलाटाशीच किल्ल्याच्या जुन्या भिंतीचे अवशेष आहेत. म्हणजे तेवढे जिने चढणं आलं. आई म्हणते, चढेन, पण बाजारातून येताना नाही.

तेव्हा गुरुवारी सकाळी बाबा फरसबंदीतली रेघ शोधत चालतील, मी त्यांच्या डाव्या बाजूला असेन (तो डोळा जास्त गेलेला आहे), आणि ताई आईबरोबर बाजारात. संध्याकाळी ओर्से, गुरुवारी ते रात्री पावणेदहापर्यंत उघडं असतं. तिथं मी एकटी जायचं का, की बाबांना दमलेल्या पायांनी तिथवर न्यायचं, यावर अजून एकमत झालेलं नाही. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख पुढच्या आठवड्यातली आहे, आणि आईनं काल विचारलं, तिकडे बाजारात पिशवी आपली न्यावी लागते का. मी म्हटलं, नेऊच. तिनं जुन्या साडीची एक शिवून ठेवली आहे.