मालक कोण?

रांजणगाव म्हटलं की लोकांना महागणपती आठवतो. आम्हा नगर रस्त्यावर रोज कंपनीची बस पकडणाऱ्यांना मात्र आधी एमआयडीसी. तिथल्याच एका कारखान्यातली ही गोष्ट.

टेस्टिंग मशीनला लिनक्सचा पीसी, ऑफिसात विंडोज. रात्रीचे रिपोर्ट सिग्विनमधलं आरसिंक ऑफिसच्या फोल्डरमध्ये आणून ठेवायचं. एका सकाळी गाडी भरून गेटवर उभी आणि साहेबांना रिपोर्ट उघडेना. 'ॲक्सेस डिनाइड'. प्रॉपर्टीजमध्ये मालक म्हणून नाव रात्रपाळीच्या ट्रेनीचं. झालं! "यानंच लॉक केलं." पोरगं कंत्राटावर, महिनाभरात मुदत संपणार. त्याच्या तोंडाला कोरड पडली.

आता मालक म्हणजे कोण, तर ज्याच्या लॉगिनखाली फाइल तयार झाली तो. कॉपीचं काम त्याच्या लॉगिनवर लावलेलं, एवढंच.

कुलूप आलं दुसरीकडून. युनिक्स तिघांचाच विचार करतं: मालक, त्याचा गट, बाकीचे. प्रत्येकाला वाचणं, लिहिणं, चालवणं. एकूण 9 खुणा. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये नावानिशी यादी असते आणि नवी फाइल ती सहसा फोल्डरकडून वारशानं घेते. लिनक्सवर रिपोर्टला 600 होतं, म्हणजे वाचणं-लिहिणं फक्त मालकाला. आरसिंकला सगळं जसंच्या तसं आणायला सांगितलेलं, त्यानं परवानग्याही आणल्या. सिग्विननं इमानानं त्यांची यादी केली आणि फोल्डरचा वारसा बाजूला राहिला...

(हे भाषांतर भलतंच अवघड आहे, बरं का. युनिक्समध्ये तुम्ही मालक असाल तर मालकाचाच नियम, पुढचं बघायचं नाही. विंडोजमध्ये परवानग्यांची बेरीज होते. म्हणून गटाला बाकीच्यांपेक्षा कमी हक्क द्यायचे तर सिग्विनला यादीत 'नाही'ची ओळ घालावी लागते. ती मालकाच्या 'हो'नंतर आली की एक्सप्लोरर म्हणतो, क्रम चुकलाय!)

असो. सिग्विनच्या एफएसटॅबमध्ये त्या फोल्डरसाठी 'नोएसीएल' लिहिलं. मग सिग्विन विंडोजच्या यादीला हात लावत नाही. जुन्या फाइली मात्र त्यानं सुटत नाहीत, त्यांच्या परवानग्या वेगळ्या रीसेट केल्या. गाडी पावणेदहाला सुटली.

साहेबांना सगळं कागदावर काढून दाखवलं. तरी "मग याचं नाव कसं आलं?" हे त्यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा पोरानंच उत्तर दिलं, "साहेब, फाइल माझ्या नावावर बनली. कुलूप लिनक्सवरून आलं."