पन्नास इंचांची वाट

मुलाबाळांकडे अमेरिकेत गेलेल्या आईवडिलांच्या वाट्याला दोन अमेरिका येतात. एक घराच्या खिडकीतून दिसणारी आणि दुसरी शनिवार-रविवारी मुले हौसेने दाखवतात ती. या दुसऱ्या अमेरिकेत कधी युटा राज्यातील फिशलेक राष्ट्रीय वनात जाण्याचा बेत ठरला, तर निघण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात ठेवा. तिथल्या रानवाटांची रुंदी इंचांत ठरलेली असते आणि त्या इंचांवर आपली सहल अवलंबून असते.

सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेस सुमारे अडीच तासांवर रिचफील्ड हे लहानसे गाव आहे. त्याच्या आसपासच्या डोंगरांतून ‘पायूट’ ही प्रसिद्ध रानवाट जाते. इथल्या मूळ रहिवाशांचे नाव तिला दिलेले आहे. दोनशे मैलांहून लांब असलेली ही वाट फिरून पुन्हा स्वतःलाच येऊन मिळते; तिला आरंभ नाही, शेवटही नाही. देवदार-कुळातील वृक्षांची दाट सावली, मध्येच उघडी कुरणे, आणि वळण संपताच समोर उभे राहणारे टुशार पर्वताचे उघडे माथे असा तिचा थाट आहे.

या वाटांवर दोन प्रकारची वाहने दिसतात. एकावर घोड्यावर बसावे तशी मांड टाकून बसावे लागते. दुसऱ्यात शेजारी शेजारी आसने, पट्टे आणि डोक्यावर लोखंडी पिंजरा असतो. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या गुडघ्यांना कोणते सोयीचे, हे सांगायला नको. आम्हीही दुसरेच भाड्याने घेतले. दोन-तीन मैल गेल्यावर एका फाट्याशी दोन भक्कम खांब रोवलेले दिसले. शेजारी पाटी होती: ५० इंच किंवा त्याहून कमी रुंदीच्या वाहनांसाठी. आमचे वाहन साठ इंचांच्या वर होते. भाड्याने देणाऱ्याने हे सांगितले नव्हते, आणि आम्हीही विचारले नव्हते.

यजमानांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. ते शांतपणे म्हणाले, “तुम्ही पायी पुढे जाऊन या. मी बसतो इथेच.”

हे वाक्य तुमच्या ओळखीचे असेल. तुम्ही ते म्हटले असेल, किंवा ज्यांची तुम्ही काळजी घेता त्यांच्या तोंडून ऐकले असेल. त्या क्षणी मला त्या खांबांचा राग आला. पन्नास इंच म्हणजे १२७ सेंटिमीटर, आपल्या हाताच्या जेमतेम साडेपाच विती. एवढ्यासाठी वृद्ध माणसाला अडवायचे?

पुढे नियमाचे कारण समजले, तसा राग ओसरला. डोंगराच्या उतारावर खोदलेली अरुंद वाट ठरावीक रुंदीच्या चाकांसाठीच बांधलेली असते. रुंद वाहनाचे बाहेरचे चाक मऊ कडेवर पडते, कडा ढासळते, पावसाचे पाणी तिथून माती वाहून नेते. वळणावर समोरून कोणी आले तर बाजूला होण्यास जागा उरत नाही. मांड टाकून बसण्याची वाहने पूर्वी साधारण पन्नास इंचांच्या आत असत, म्हणून ते माप रूढ झाले. रुंद आसनांची वाहने मागाहून आली. २००५ च्या नियमानुसार अमेरिकेच्या राष्ट्रीय वनांत कोणत्या वाटेवर कोणते वाहन आणि कोणत्या ऋतूत चालेल, हे प्रत्येक वनाने ठरवून नकाशावर दाखवायचे असते. हा नकाशा विनामूल्य मिळतो. जी वाट त्यावर नाही, ती मोटारवाहनांना बंद, असा साधा हिशेब आहे.

याच नियमांत वयस्कांनी आवर्जून लक्षात ठेवावी अशी एक तरतूद आहे. चालण्यास अडचण असलेल्या व्यक्तीसाठीच बनवलेली आणि घरातही वापरता येईल अशी चाकाची खुर्ची, मग ती बॅटरीवर चालणारी का असेना, मोटारवाहन मानली जात नाही. जिथे पायी जाण्यास मुभा आहे, तिथे ती नेता येते. मात्र अपंगत्व आहे म्हणून बंद वाटेवर मोठे वाहन नेण्याची सवलत मिळत नाही.

म्हणून बेत ठरवताना मुलांना तीन प्रश्न विचारा. वाहनाची सर्वांत रुंद जागी रुंदी किती? आपल्या वाटेची मर्यादा किती? आणि चढता-उतरताना आधाराला काय आहे?

त्यानंतर प्रकृतीचा विचार. रिचफील्ड सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे, तर फिशलेक सरोवर सुमारे २,७०० मीटरवर. एवढ्या उंचीवर काहींना डोकेदुखी, मळमळ किंवा धाप जाणवते. आदल्या रात्री रिचफील्डला मुक्काम केल्यास शरीराला सवय होण्यास अवधी मिळतो. त्रास वाढू लागला तर वेळ न दवडता खाली उतरावे. खडबडीत वाटेचे हादरे नुसत्या बसलेल्या माणसालाही बसतात. हाडे ठिसूळ असतील, मणक्याचे दुखणे असेल, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील किंवा नुकतीच डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल, तर डॉक्टरांना विचारूनच जावे. हृदयविकार व दमा असणाऱ्यांनीही तसेच करावे. औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत. धुळीसाठी नाकावर रुमाल आणि पुरेसे पाणी हवेच. रानात फोन लागेलच असे नाही. परतण्याची वेळ कोणाला तरी सांगून निघावे.

आणि वाहनाची रुंदी जुळली नाही, तरी हिरमुसू नका. आम्ही त्या फाट्यावरून सगळेच मागे फिरलो आणि दुसऱ्या दिवशी मोटारीने सरोवराकडे गेलो. तिथे डांबरी रस्त्याला लागूनच ‘पांडो’ आहे. दिसायला ते ॲस्पेन वृक्षांचे रान. सुमारे ४७,००० खोडे, १०६ एकरांवर पसरलेली. पण मुळे एकच! सारे रान म्हणजे एकच झाड. लॅटिनमध्ये पांडो म्हणजे ‘मी पसरतो’. हरणे कोवळे कोंब खातात, म्हणून काही भागाला कुंपण घातले आहे. जुन्या खोडांच्या छायेत नवे कोंब वाढावेत, एवढ्यासाठी.

वारा आला की लांब देठांवरची ती पाने आपल्या पिंपळासारखी सळसळतात. यजमान काठी टेकत रस्त्यालगतच्या एका पांढऱ्या खोडाशी गेले आणि त्यावर तळहात ठेवून उभे राहिले. आम्ही सगळे तिथेच थांबलो. त्या दिवशी “तुम्ही पुढे जा” असे कोणाला म्हणावे लागले नाही.