ओल्नी: जिथे नवं वर्ष मागे वळून बघतं

बिग बेन, मादाम तुसाद, ऑक्सफर्ड स्ट्रीटचा सेल. लंडनला गेलेल्या आपल्या मंडळींची लिस्ट इथे संपते. ओल्नी त्यात नसतं. मी मिल्टन कीन्सला प्रोजेक्टवर होतो, जानेवारीतला पहिला वीकेंड मोकळा होता, म्हणून निघालो. गावाला रेल्वे स्टेशन नाही. लंडनच्या युस्टनहून ट्रेनने मिल्टन कीन्स गाठायचं, पुढे बस. ग्रेट ऊझ नदीकाठचं हे टुमदार गाव. दगडी घरं, मार्केट प्लेस, पब आणि लांबूनच दिसणारा सेंट पीटर अँड सेंट पॉल चर्चचा निमुळता मनोरा.

ओल्नी माहीत नसलं, तरी ‘अमेझिंग ग्रेस’ तुम्ही नक्की ऐकलंय. सिनेमात, बॅगपाइपवर, नाहीतर 2015 मध्ये चार्ल्सटनच्या शोकसभेत ओबामांनी ते गायलं तेव्हा. ते जन्मलं इथे. 1 जानेवारी 1773 च्या प्रवचनासाठी इथला पाद्री जॉन न्यूटन याने ते लिहिलं, असं मानतात. 1779 मध्ये ते ‘ओल्नी हिम्स’ या संग्रहात छापलं गेलं. आपण गुणगुणतो ती चाल त्याला 1835 मध्ये अमेरिकेत मिळाली.

प्रवचन होतं बायबलमधल्या दावीद राजाच्या प्रार्थनेवर. माझी लायकी ती काय, तरी देवाने मला इथवर आणलं, असा तिचा सूर. म्हणजे वर्षाचा पहिला दिवस आणि रिझोल्यूशनचं नावही नाही! ख्रिस्ती धर्मात याला कृपा म्हणतात: न कमावता मिळालेलं देणं. आधी रेटिंग, मग इन्क्रिमेंट अशी सवय असलेल्या आपल्याला हे पचणं कठीणच.

मग काय, काहीही करा, माफी आहेच? न्यूटनची गोष्ट इतकी सोपी नाही. तो गुलामांची ने-आण करणाऱ्या जहाजांवर होता. 1748 मध्ये भर वादळात त्याला देव आठवला. पण धंदा सुटला नाही. उलट त्यानंतरच तो अशा जहाजांचा कप्तान झाला. 1754 मध्ये समुद्र सोडला तोही आजारपणामुळे. त्या व्यापाराविरुद्ध त्याची पुस्तिका आली 1788 मध्ये. वादळानंतर तब्बल 40 वर्षांनी! 1807 मध्ये ब्रिटिश संसदेने तो व्यापार बंद केला आणि त्याच डिसेंबरात न्यूटन गेला.

चर्चच्या आवारात त्याची कबर आहे. 1893 मध्ये त्याचे अवशेष लंडनहून इथे आणले. दगडावरचा मजकूर त्याने स्वतःच लिहून ठेवलेला. आपण एकेकाळी नास्तिक आणि स्वैराचारी होतो, हे त्यात आधी. क्षमा मिळाली, हे नंतर. असा सीव्ही कोण लिहितं? तरीही तिथे उभं असताना मला खुपत राहिलं ते वेगळंच. त्याला कृपा मिळाली, पण त्याच्या जहाजाच्या तळाशी साखळदंडात असलेल्यांना काय मिळालं?

मार्केट प्लेसमधलं कूपर अँड न्यूटन म्युझियम बघायचं असेल, तर हिवाळ्यातल्या वेळा आधी विचारून घ्या. आणि यंदा जिमची वर्षभराची फी जरूर भरा. फक्त संकल्पांच्या यादीआधी एक पान मागच्या वर्षाचं लिहा: न कमावता काय मिळालं, आणि त्याची किंमत कुणी मोजली.