सुई कोणाच्या हातात?



"बकऱ्यांच्या गोचिडावर काय लिहिता, चळवळीवर लिहा," असं एका कार्यकर्त्या मित्रानं आम्हाला सुनावलं. आमचं म्हणणं साधं आहे. वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या आसेगावसारख्या गावात ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याची बँक म्हणजे दारातल्या चार बकऱ्या. पोरीची परीक्षा फी आणि म्हाताऱ्याचा दवाखाना त्यातूनच निघतो. ही बँक एका चुकीच्या सुईनं बुडत असेल, तर तो चळवळीचा प्रश्न कसा नाही?

मागच्या पावसाळ्यात वस्तीतल्या बकऱ्यांना गोचिडांनी पार खाल्लं. पिशवी घेऊन फिरणारा एक जण आला. तो डॉक्टर नव्हता, पण सगळे त्याला डॉक्टरच म्हणायचे. आम्हीही म्हणायचो. त्याच्याकडे एकच सिरिंज, एकच सुई. मोठी बकरी असो की पिल्लू, सगळ्यांना दोन-दोन एमएल. पिल्लांचे पाय आम्हीच धरले होते. संध्याकाळी एक पिल्लू लटपटायला लागलं, तोंडातून लाळ गळू लागली, दुसऱ्या दिवशी गेलं. दोन बकऱ्यांना सुईच्या जागी पू झाला. पिल्लू औषधानंच मेलं असं छातीठोकपणे आम्ही म्हणणार नाही, तपासणी कोणी केली नाही. पण नंतर रिकामी बाटली उचलून वाचली, आणि आमची आम्हालाच लाज वाटली.

औषध होतं आयव्हरमेक्टिन. २०१५ चं नोबेल ज्या शोधाला मिळालं त्यातलंच हे. जपानच्या मातीतल्या एका सूक्ष्मजीवापासून ते आलं. कोरोनात आपल्यातल्याच कितीतरी जणांनी याच्या गोळ्या ऐकीव माहितीवर गिळल्या होत्या. बाटलीवर १ टक्का लिहिलं होतं, म्हणजे एका एमएलमध्ये १० मिलिग्रॅम औषध. मात्रा पन्नास किलो वजनाला एक एमएल, कातडीखाली. आता हिशोब करा. पंचवीस किलोच्या बकरीला अर्धा एमएल पुरतो. आठ किलोच्या पिल्लाला ०.१६ एमएल, आणि त्याला दिलं दोन एमएल, म्हणजे बारा पटीहून जास्त! हे गणित सातवीतलं पोरगं करेल. आम्ही पदवीधर, आणि पाय धरून उभे.

त्याच बाटलीवर आणखी दोन गोष्टी होत्या. जिचं दूध माणसं पितात त्या जनावराला हे द्यायचं नाही, आणि दिल्यावर ठरावीक दिवस ते कापायचं नाही. वस्तीत त्याच बकरीचं दूध लेकराच्या चहात जात होतं. ईदच्या बाजाराआधी बकरा गुळगुळीत दिसावा म्हणून सुई टोचणारेही आहेत. जनावराच्या अंगात गेलेलं औषध तिथंच थांबत नाही. डायक्लोफिनॅक आठवा. ती सुई दिलेली ढोरं मेल्यावर खाऊन गिधाडं संपत गेली, तेव्हा कुठं २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं.

मेलेल्या ढोरांचा विषय निघालाच आहे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडायला सांगितलं. आपल्या आज्या-पणज्यांनी ढोरं ओढणं सोडलं, त्यासाठी गावाचा बहिष्कार सोसला. शतकानुशतकं मेलेलं जनावर आपल्या वाट्याला होतं, जिवंत जनावराचं शास्त्र मात्र नव्हतं. आज अनुसूचित जातीला ७५ टक्के अनुदानावर दहा बकऱ्या आणि एक बोकड मिळतो, त्यासाठी आपण अर्ज भरतो, भांडतो. बरोबर आहे. पण बकरी दारात आली की तिच्या अंगात काय जातं हे विचारायला आपण का घाबरतो?

कोणी म्हणेल, मग तुम्हीच सुई घ्या हातात. नाही. एका भोंदूच्या जागी दुसरा भोंदू नको. कोणतं औषध, किती, गाभण बकरीला द्यायचं की नाही, हे सरकारी दवाखान्यातल्या पशुवैद्यकानं ठरवावं. १९६२ हा नंबर त्यासाठीच आहे. गाडी यायला वेळ लागत असेल तर त्यावर निवेदन द्या, बोंब मारा. आधी काडीपेटीत लेंड्या भरून तपासायला न्या, कारण हे औषध पट्टकृमी आणि यकृतातल्या पर्णकृमीवर चालतच नाही. उगाच टोचत राहिलं, तेही कमी मात्रेत, तर जंत औषधाला दाद देईनासे होतात आणि पैसे वाया जातात ते वेगळेच.

आपलं काम त्याच्या आसपासचं. वजन आपण करायचं. आम्ही सोयाबीन मोजायच्या टांगत्या काट्याला पोत्याची झोळी बांधून वस्तीतल्या सगळ्या बकऱ्या मोजल्या. अंदाज बहुतेक चुकलेच. सुई खांद्यामागच्या सैल कातडीत, कातडी चिमटीत उचलून द्यायची. शिरेत किंवा मांसात नाही. जागा कोरडी आणि स्वच्छ हवी, सुई प्रत्येकीला नवी. वापरलेली सुई बाटलीत परत घालायची नाही आणि उकिरड्यावर तर अजिबात फेकायची नाही, तिथं आपलीच पोरं खेळतात. तारीख आणि मात्रा वहीत लिहायची. आमच्याकडे ही वही नववीतल्या एका पोरीकडे आहे आणि ती कोणाला हात लावू देत नाही.

गेल्या महिन्यात तो पिशवीवाला पुन्हा आला. आमची मावशी बकरी धरून उभी होती. म्हणाली, "पयले बाटली दाखव." त्यानं दाखवली नाही. मावशीनं बकरी सोडून दिली.