सावलीवांचून चित्र

शहापूर-मुरबाडकडील आमच्या घरांतून पूर्वीं रविवर्म्याच्या छापील तसबिरी भिंतीवर असत. १८९४ सालीं निघालेल्या त्या छापखान्यानें मध्यम वर्गाच्या डोळ्यांना एक वळण लावलें: गालावर उजेड, मानेखालीं छाया, आणि तेंच खरें चित्र. त्यामुळें पिंगुळीच्या चित्रकथीच्या पोथ्या आम्हीं पाहिल्या, तेव्हां बरोबरच्या मंडळींनीं त्यांस ‘पोरकट’ ठरविलें. हा निकाल आम्हांस मान्य नाहीं.

ह्या पोथ्या कुडाळजवळच्या ठाकरांच्या. त्यांतल्या जुन्या अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या मानतात. सुट्या कागदांवर रामायण-महाभारतांतले प्रसंग. मोठे डोळे, एका बाजूनें काढलेले चेहरे, ठसठशीत रेघ. युद्ध असो वा विलाप, सावली म्हणून कोठें नाहीं. अठराव्या शतकाच्या अखेरीस पुण्यांत गंगाराम तांबट मॅलेटसाहेबासाठीं लेण्यांचीं चित्रें काढीत होता, आणि शाईच्या पातळ छटांनीं दगडाची खोली दाखवीत होता. तेव्हां मराठी मुलखाला छायेचें वावडें होतें असें नव्हे.

मग ठाकरांना ती साधत नव्हती काय? उत्तर त्यांच्याच घरांत आहे. हेच लोक पडद्यामागें दिवा ठेवून चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करीत. तेथें तर सारें नाट्य सावलीचेंच! सावली नाचविण्यांत ज्यांचा हात मुरलेला, त्यांनीं ती चित्रांतून वगळली, कारण ह्या चित्राला सोबती होता. कथेकरी गात गात एकेक पान पुढें करी. उजेड दिव्याचा, काळोख त्याच्या आवाजांतला. सीतेचें दुःख गालावर रंगवावयाचें नव्हतें. तें ऐकावयाचें होतें. म्हणूनच काचेआड, विजेच्या स्थिर प्रकाशांत ठेवलेलें पान अर्धेंच राहतें.

२०२१ सालीं पिंगुळीच्या परशुराम गंगावणे ह्यांस पद्मश्री मिळाली, ह्याचा आनंद आहेच. पण अनुसूचित जमातींच्या सरकारी यादींत ठाकर व ठाकूर एकाच नोंदींत आहेत, आणि आमच्या दोन्ही तालुक्यांत ठाकूरांच्या वाड्या डोंगरोडोंगरीं आहेत. त्या वाड्यांवरून भातलावणीला येणाऱ्या माणसांना, ‘तुमच्याकडे कोणत्या कथा सांगतात?’ असें विचारण्याचें आमच्या सुशिक्षित घरांतून कोणास सुचत नाहीं. ज्याला छाया नाहीं त्याला खोली नाहीं, हा समज चित्रांपुरता राहता तर फारसें बिघडतें ना; तो माणसांवरहि लागू होतो, हें वाईट.