वक्त्याविना चालणारी स्लाइड

इंटरॅक्टिव्ह प्रेझेंटेशन म्हणजे अशी पीपीटी, जिच्यात पुढची स्लाइड कोणती हे बघणारा ठरवतो. तिचे मूळ 1987 सालच्या दोन प्रोग्रामांत सापडते. दोन्ही ॲपलच्या मॅकिंटॉश संगणकासाठी होते. एप्रिलमध्ये फोरथॉट कंपनीचे पॉवरपॉइंट आले. ते वक्त्यासाठी होते. स्लाइड एकामागून एक येत आणि त्या समजावायला समोर माणूस उभा असे. ऑगस्टमध्ये बिल ॲटकिन्सन यांचे हायपरकार्ड आले. त्यात पडद्यावर कार्ड, कार्डावर बटण आणि बटण दाबले की दुसरे कार्ड. समजावणारा माणूस गृहीत नव्हता. आजचा शिक्षक पॉवरपॉइंटमध्ये किंवा गूगल स्लाइड्समध्ये बटणे घालून पाठ करतो तेव्हा साधन पहिल्याचे असते, रीत दुसऱ्याची. असा पाठ लिंकवरून विद्यार्थ्याच्या घरी पोहोचतो आणि तिथे शिक्षक नसतो. शिक्षक तोंडाने जे सांगतो ते सगळे स्लाइडच्या रचनेतच असावे लागते.

म्हणून कामाची सुरुवात कागदावर होते. कृष्णेच्या संगमांवरचा भूगोलाचा पाठ घेतला, तर पहिली स्लाइड नकाशाची. त्यावर महाबळेश्वरपासून खाली येणारी कृष्णा आणि चार ठिकाणे: वेण्णा मिळते ते संगम माहुली, कोयना मिळते ते कऱ्हाड, वारणा मिळते ते सांगलीजवळचे हरिपूर आणि पंचगंगा मिळते ती नृसिंहवाडी. कागदावर प्रत्येक ठिकाणासाठी एक चौकोन काढायचा आणि चौकोनांमध्ये बाण. ज्या चौकोनातून बाहेर पडणारा बाण नाही, तिथे मूल अडकणार. ही तपासणी कागदावर क्षणात होते. तीस स्लाइड तयार झाल्यावर तीच डोकेदुखी ठरते.

नकाशावरच्या ठिपक्याला थेट लिंक देऊ नये. ठिपका लहान असतो आणि मोबाइलवर बोट मोठे पडते. ठिपक्यावर त्याच्यापेक्षा बराच मोठा चौकोन काढावा, त्याचा रंग आणि कडा काढून टाकाव्यात आणि लिंक त्या अदृश्य चौकोनाला द्यावी. लिंक देताना वेबपत्त्याऐवजी ‘याच प्रेझेंटेशनमधील स्लाइड’ हा पर्याय निवडायचा. प्रत्येक आतल्या स्लाइडवर ‘नकाशा’ असे लिहिलेले परतीचे बटण हवे आणि ते सगळीकडे एकाच कोपऱ्यात हवे.

यानंतर नवख्यांना हमखास गाठणारी अडचण येते. बटण सोडून दुसरीकडे क्लिक झाले की स्लाइडशो आपोआप पुढच्या स्लाइडवर जातो आणि आखलेली वाट मोडते. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडशोच्या सेटिंगमध्ये ‘किऑस्क’ पर्याय निवडला की फक्त बटणेच चालतात. गूगल स्लाइड्समध्ये तशी सोय नाही. तिथे पूर्ण स्लाइड झाकणारा पारदर्शक चौकोन काढून त्याला त्याच स्लाइडची लिंक देतात आणि तो बाकी बटणांच्या मागे पाठवतात. चुकीच्या जागी क्लिक झाले तरी मूल जिथे आहे तिथेच राहते.

या कलेचा खरा कस प्रश्नाच्या स्लाइडवर लागतो. ‘पंचगंगा कृष्णेला कुठे मिळते?’ या प्रश्नाला तीन पर्याय दिले, तर तीन वेगळ्या स्लाइड लागतात. चुकीच्या उत्तरावर नुसती लाल फुली दाखवणे म्हणजे मुलाला दारातून परत पाठवणे. कऱ्हाड निवडणाऱ्याला सांगायला हवे, की तिथे मिळते ती कोयना. दोन्ही नद्या समोरासमोर येऊन भेटतात, म्हणून त्या जागेला प्रीतिसंगम म्हणतात. पंचगंगा कोल्हापूरकडून येते, तेव्हा आधी नकाशावर कोल्हापूर शोधा. हरिपूर निवडणारे मूल उत्तराच्या जवळ असते. त्याला एवढेच पुरते, की तिथे वारणा मिळते, पंचगंगा आणखी खाली. कोणते मूल कुठे आणि का चुकते हे वर्गात उभे राहिलेल्या माणसालाच ठाऊक असते. ते ज्ञान या चुकांच्या स्लाइडमध्ये उतरते, आणि पाठाचे मोल त्यांवरच ठरते. बरोबर उत्तराची स्लाइड कोणीही करू शकतो.

मराठी पाठाला अक्षरांची वेगळी काळजी घ्यावी लागते. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर, रोमन अक्षरांचा गोंधळ होऊन उघडतो. त्यामुळे जुन्या फाइलमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. नोटो सान्स देवनागरी किंवा मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेला मुक्ता यांसारखा मोफत फॉन्ट वापरावा. वेलांट्या आणि रफार कापले जाऊ नयेत म्हणून ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त अंतर ठेवावे.

शेअर करताना लिंकचा शेवट महत्त्वाचा असतो. गूगल स्लाइड्सच्या पत्त्यातला ‘एडिट’ हा शब्द काढून ‘प्रेझेंट’ घातला, तर थेट स्लाइडशो उघडतो. ‘कॉपी’ घातला, तर दुसऱ्या शिक्षकाला स्वतःची प्रत करून घेता येते. लिंकवाल्या प्रत्येकाला बघण्याची परवानगी असावी, बदलण्याची नसावी. बघणाऱ्यालाही स्पीकर नोट्स दिसू शकतात, त्यामुळे तिथे मुलांची नावे किंवा गुण राहू देऊ नयेत. पीडीएफ केल्यास आतल्या लिंक बहुधा टिकतात, पण ॲनिमेशन जाते. उत्तर ॲनिमेशनने उघडणार असेल, तर ते वेगळ्या स्लाइडवर घ्यावे.

पाठवण्याआधी लिंक इनकॉग्निटो विंडोमध्ये उघडावी, म्हणजे आपले खाते नसलेल्याला काय दिसते ते कळते. मग ती एखाद्या साध्या मोबाइलवर अशा मुलाच्या हातात द्यावी, ज्याने पाठ पाहिलेला नाही, आणि काहीही सांगू नये. ते जिथे विचारते, तिथे स्लाइड कमी पडली असे समजावे. दुरुस्ती मूळ फाइलमध्ये केली की तीच लिंक सुधारलेला पाठ दाखवते, मात्र इतरांनी करून घेतलेल्या प्रती जुन्याच राहतात. म्हणून पहिल्या स्लाइडवर शेवटच्या दुरुस्तीची तारीख लिहावी.