मर्चंट, सचिन आणि आमचे बाबा

खेळाडूनं कधी थांबावं हा विषय निघाला की मराठी घरात कोणीतरी विजय मर्चंट यांचा दाखला देतंच. लोक ‘का चाललास?’ म्हणताहेत तोवरच निघावं, ‘अजून का जात नाहीस?’ म्हणेपर्यंत बसू नये, अशा अर्थाचं त्यांच्या नावावर सांगितलं जाणारं ते वाक्य. मी ते निरोप समारंभांत ऐकलंय, लग्नाच्या पंगतीत ऐकलंय आणि विरार लोकलमध्ये तर किती वेळा ऐकलंय त्याची गणतीच नाही. वाक्य झकास आहे. पण मला ते कधी पूर्णपणे पटलेलं नाही.

एक तर खुद्द मर्चंटांचंच बघा. नोव्हेंबर १९५१, दिल्ली, इंग्लंडविरुद्ध कसोटी. वयाची चाळिशी नुकतीच उलटलेली. केल्या १५४ धावा. (त्याच डावात विजय हजारेंनी नाबाद १६४ केल्या, पण ते कोणाला आठवत नाही. हजारेंचं नशीबच तसं.) आणि त्यानंतर मर्चंट कसोटी खेळले नाहीत. वा, शिखरावर असताना निरोप! पण त्याच सामन्यात क्षेत्ररक्षण करताना त्यांचा खांदा दुखावला होता आणि खेळ थांबला तो त्या खांद्यामुळे. खांदा धड असता तर ते पुढची कसोटी खेळले नसते, असं कोण छातीठोकपणे सांगेल?

मर्चंटांचे आकडेही मजेशीर आहेत. पहिली कसोटी १९३३ साली, शेवटची १९५१ साली. अठरा वर्षांत कसोटी किती? दहा. सगळ्या इंग्लंडविरुद्ध. १९३६ च्या ऑगस्टपासून १९४६ च्या जूनपर्यंत भारत एकही कसोटी खेळला नाही, मध्ये महायुद्ध होतं. म्हणजे माणसाची पंचविशी ते पस्तिशी, फलंदाजाच्या हाताला खरी गोडी येते ती वर्षं, कसोटीच्या हिशेबात कोरीच गेली. प्रथम श्रेणीची सरासरी मात्र ७१ च्या वर. एवढं खेळलेल्यांत त्यांच्या पुढे फक्त ब्रॅडमन. आता यांची तुलना २०० कसोटी खेळलेल्या सचिनशी करायची तर कशी करायची, सांगा.

आमच्या घरी ही तुलना रोज व्हायची. आजोबा गिरगावातल्या चाळीत वाढलेले, त्यांचं दैवत मर्चंट. बाबांचं दैवत गावसकर. माझं सचिन. आजोबा म्हणायचे, तेव्हा खेळपट्ट्या झाकत नसत, पाऊस पडून गेल्यावर खेळून दाखवा. बाबा म्हणायचे, हेल्मेटशिवाय वेस्ट इंडिजविरुद्ध तेरा शतकं, करून दाखवा. मी हळूच म्हणायचो, बाबा, त्यातली चार १९७८-७९ ची, तेव्हा त्यांचे मोठे गोलंदाज पॅकरकडे गेले होते. मग जेवण संपेपर्यंत बाबा माझ्याशी बोलायचे नाहीत.

टेनिसवाल्यांचंही असंच चाललेलं असतं. फेडरर २०, नदाल २२, जोकोविच २४, झाला निकाल! पण रॉड लेव्हरनं १९६२ साली चारही मोठ्या स्पर्धा एका वर्षात जिंकल्या, मग तो व्यावसायिक झाला आणि व्यावसायिकांना त्या स्पर्धांची दारं बंद होती. १९६३ ते १९६७, पाच वर्षं, वीस स्पर्धा. दारं उघडली १९६८ मध्ये, आणि १९६९ साली पठ्ठ्यानं पुन्हा चारही जिंकल्या. त्याच्या नावावर अकराच आहेत. मधल्या वीसचं काय करायचं? शून्य मोजायचे की सोडून द्यायचे?

आपल्याकडे याहून मोठं उदाहरण आहे, प्रा. दि. ब. देवधर. पुण्यात संस्कृत शिकवणारे. १९२६ साली एमसीसीविरुद्ध १४८ धावा काढल्या तेव्हा भारताला कसोटीचा दर्जाच नव्हता. पहिली कसोटी झाली १९३२ साली, तेव्हा देवधर चाळीस वर्षांचे होते. त्यांची कसोटी कारकीर्द शून्य. पण १९३९-४० आणि १९४०-४१, अशी लागोपाठ दोन वर्षं त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रानं रणजी करंडक जिंकला. दुसऱ्या वर्षी मुंबईविरुद्ध २४६ काढल्या, पन्नाशीला टेकलेल्या वयात! कर्नल सी. के. नायडूंनी तर कहरच केला. १९५६-५७ मध्ये, एकसष्टाव्या वर्षी, ते उत्तर प्रदेशकडून रणजी खेळले आणि शेवटचा प्रथम श्रेणी सामना खेळले तेव्हा अडुसष्ट वर्षांचे होते. या दोघांना कोणी ‘का जात नाही?’ विचारलं असेलच की. विचारलं असेल, आणि ते खेळत राहिले असतील.

तर सचिन. २०११ च्या मार्चमध्ये नागपूरला नव्व्याण्णववं शतक झालं आणि पुढचं वर्षभर अख्खा देश शंभराव्याची वाट बघत बसला. ते झालं १६ मार्च २०१२ ला, मीरपूरला. ११४ धावा, आणि तो सामना आपण बांगलादेशकडून हरलो. त्या दीड-दोन वर्षांत लोकलमधली भाषा बदलली. नालासोपाऱ्याला चढणारा ग्रुप, ज्यांनी वर्षानुवर्षं त्याच्या शतकाला डब्यात पेढे वाटले होते, तेच म्हणायला लागले, ‘बस झालं आता, पोरांना जागा दे.’ कसोटीतलं शेवटचं शतक जानेवारी २०११ चं, केपटाऊनचं. नंतर एकही नाही. आकडे त्यांच्या बाजूनं होते, मी कशाला नाकारू?

पण मला त्या काळातला एक डाव फार आवडतो आणि तो फारसा कोणी पाहिलेला नाही. ऑक्टोबर २०१३, हरियाणातलं लाहली, मुंबईचा रणजी सामना. चेंडू हलणारी खेळपट्टी. चाळीस वर्षांचा सचिन चौथ्या डावात उभा राहिला आणि नाबाद ७९ करून मुंबईला जिंकून दिलं. निवृत्ती जाहीर झालेली होती. शंभरावं शतकही मागे पडलं होतं. मिळवायचं काहीएक शिल्लक नव्हतं. पंधरा दिवसांनी वानखेडेवर शेवटच्या डावात ७४ केल्या, त्या सगळ्यांनी पाहिल्या, सगळे रडले (मीही). पण मला विचाराल तर निरोप लाहलीला झाला. २०११ साली थांबला असता तर विश्वचषक हातात घेऊन गेला असता, फोटो छान आला असता, आणि लाहली झालं नसतं.

गंमत म्हणजे सचिन निवृत्त झाला १६ नोव्हेंबरला आणि चारच दिवसांनी आमच्या विरारच्या पोरानं, पृथ्वी शॉनं, हॅरिस शील्डमध्ये ५४६ केल्या. वय चौदा. तेव्हा विरार स्टेशनवर काय वातावरण होतं म्हणून सांगू! पहाटेच्या गाडीनं किट घेऊन जाणारं पोर आपल्यापैकी कोणीतरी पाहिलेलं असायचंच, निदान पाहिलंय असं सांगणारे खूप भेटायचे. २०१८ साली राजकोटला पदार्पणात १३४. मग पाच कसोटी, शेवटची डिसेंबर २०२० मध्ये. २०२५ मध्ये त्यानं मुंबई सोडली आणि तो महाराष्ट्राकडून, म्हणजे देवधरांच्या संघाकडून, खेळायला लागला. त्याच ऑक्टोबरात चंदीगडविरुद्ध द्विशतक ठोकलं. सव्वीसही पूर्ण नव्हती आणि लोक त्याच्याबद्दल ‘होता’ असं बोलायला लागले होते. बोर्ग सव्विसाव्या वर्षी रॅकेट ठेवून निघून गेला, तो त्याचा निर्णय. पृथ्वीबद्दलचा निर्णय मात्र आमच्या नाक्यावर चहा पिताना परस्पर लागतो.

आता हे सगळं आज का आठवलं ते सांगतो. आमचे बाबा शहात्तर वर्षांचे आहेत. बँकेच्या टीममधून खेळायचे, गुडघे गेल्यावर अंपायरिंग सुरू केलं. गेली बावीस वर्षं सोसायटीमागच्या मैदानात दर रविवारी टेनिस बॉलचे सामने होतात आणि अंपायर बाबाच. डोक्यावर पांढरी टोपी, खिशात सहा खडे. मागच्या वर्षापासून पोरं एका टोकाला मोबाईल स्टँडवर लावतात आणि वाद झाला की रिप्ले बघतात. बाबांचे दोन-चार निर्णय चुकीचे निघाले. एकदा ओव्हर सात चेंडूंची झाली.

परवा सेक्रेटरी घरी आले. चांगला माणूस, बाबांना काका म्हणतो, वाकून नमस्कार करतो. बाबा आत झोपले होते. हळू आवाजात म्हणाला, ‘दादा, तुम्हीच सांगा ना काकांना. सत्कार करू, शाल-श्रीफळ देऊ, व्यवस्थित. मान असेपर्यंत बाजूला झालेलं बरं.’

म्हणजे पुन्हा मर्चंट!

मी म्हटलं, बघतो. चहा दिला, पाठवलं. त्याचं काही चूक नाही, सामना पोरांचा आहे. पण रविवारी सकाळी सहाला उठून टोपी स्वतः धुणारा माणूस शाल घेऊन घरी आल्यावर सोमवारपासून काय करतो, ते त्याला कळायचं नाही. मला रोज दिसेल.

या रविवारी मी मुद्दाम मैदानावर जाऊन बसलो. रनआऊटचं अपील झालं, बाबांनी बोट वर केलं. पोरं मोबाईल घेऊन धावत आली, ‘आजोबा, बघा, नॉटआऊट!’ बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, मोबाईल हातभर लांब धरला, बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, ‘अरे, यात क्रीज दिसतेय कुठे?’ खरंच दिसत नव्हती. चुन्याची रेघ कधीच पुसली गेली होती. त्यांनी बुटाच्या टाचेनं मातीत नवी रेघ ओढली, फलंदाजाला परत बोलावलं आणि म्हणाले, ‘हा चेंडू पुन्हा टाका.’

सेक्रेटरींना मी अजून काही कळवलेलं नाही.